जुन्या गल्लीतला माळवदाचा वाडा घ्यायचाय? मग हे आधी वाचा

दर महिन्याला कोणाचा ना कोणाचा फोन असतोच, "ताई, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक वाडा निघालाय, स्वस्तात जायलाय, घेऊन टाकू का?" मी एवढंच विचारते, धो धो पाऊस चालू असताना आत जाऊन उभा राहिलास का? बहुतेकांनी वाडा मार्च-एप्रिलात बघितलेला असतो. एजंट सकाळी दहाला नेतो, चौकात मस्त ऊन आलेलं असतं, सागवानी खांब, महिरपी, कोनाडे, माणूस तिथंच पाघळतो. मी पण पाघळलेच होते. आम्ही घेतला त्याला आता सात वर्षं झाली, छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, समोर ढाळज (दारातली बसायची पडवी), मधी चौक, तीन बाजूंनी ओसरी, मागं माजघर आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत. आज जेवढं कळतं त्यातलं निम्मं पैसे घालवून कळलंय, ते क्रमानं लिहिते. जालना, पैठण, अंबाजोगाई, नांदेड कुठंही जुन्या पेठेत घर घेत असाल तरी बरंचसं हेच लागू पडेल.

आधीच सांगते, जुनं घर रंगानं आणि फर्निचरनं सुधारत नाही. घरात शिरलेलं पाणी बाहेर काढायचं आणि डोक्यावरचं वजन उतरवायचं, बाकी सगळं त्याच्यानंतर. आणि कागद साफ नसतील तर हे पण करत बसायचं नाही, सरळ दुसरं घर बघायचं.

घराच्या आधी गल्ली बघा

एकदा बाजाराच्या वेळी आणि एकदा रात्री नऊनंतर गल्लीत चक्कर मारा. टेम्पो कुठपर्यंत येतो ते बघा, कारण पुढं शेकडो पोती माती आणि मलबा बाहेर काढायचाय, टेम्पो येत नसला तर गाढवं लावावी लागतात आणि तो खर्च कोणी धरलेलाच नसतो. मग उंबऱ्यापाशी उभं राहून रस्त्याकडं बघा. दर पाच-सात वर्षांनी गल्लीत जुन्यावरच नवीन काँक्रिट ओतलं जातं, त्यामुळं पूर्वी तीन पायऱ्या चढून जायची घरं आता रस्त्याच्या खाली गेलीत. उंबरा रस्त्याखाली असला तर घर सोडून द्या असं नाही म्हणत, पण भाव करताना हे बोला.

शेजाऱ्याच्या माळवदाची पन्हळ कुठं पडते ते पण बघा. आमच्या चौकात शेजारच्यांची पन्हळ पडते, चाळीस-पन्नास वर्षांपासून पडते, आता मी ती बंद करा म्हणून भांडू शकत नाही, त्यांना दुसरीकडं पाणी काढायला जागाच नाही. भिंत कोणाची, सामाईक आहे का, खिडकी कोणाच्या जागेत उघडते, हे सगळं गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं, कागदावर नसतं. ओट्यावर बसून चहा प्या आणि ऐका.

दुसरं म्हणजे महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज करून विकास आराखड्यातला अभिप्राय घ्या. जुन्या शहरात रस्ता रुंदीकरणाच्या रेषा घरांच्या मधून गेलेल्या आहेत, वाड्याचा दर्शनी भाग, म्हणजे ज्याच्यावर तुम्ही पाघळलात तोच भाग, रस्त्यात जाणार असू शकतो. बेगमपुऱ्यासारख्या भागात घेत असाल तर अजून एक, बीबी का मकबरा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्याच्या पुढं २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच करता येतं. डागडुजीला पण परवानगी लागते. खुलताबाद, दौलताबादला घर बघणाऱ्यांनी तर हे पहिलं विचारायचं. शहराच्या वारसा यादीत घराचं नाव आहे का ते पण त्याच फेरीत विचारून घ्या.

कागद

इथं घाई करू नका. घरपट्टीची पावती आणि लाइट बिल म्हणजे मालकी नाही, हे मला वकिलानं तीन वेळा सांगितलं तेव्हा डोक्यात शिरलं. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका काढा, तिला सगळे पीआर कार्ड म्हणतात, त्यावर क्षेत्रफळ, धारकाचं नाव आणि फेरफार असतात. भूमी अभिलेख ऑफिसातून चौकशी उतारा आणि नकाशाची नक्कल पण घ्या. नकाशा हातात धरून घर टेपनं मोजा. आमच्यात मागची बोळ नकाशात होती आणि जागेवर शेजाऱ्याचं न्हाणीघर होतं, त्यावर सहा महिने गेले.

मराठवाड्यातली खास भानगड म्हणजे जुने कागद. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, सरकारी कारभार उर्दूत, काही खासगी कागद मोडीत. खरेदीखतावर तारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या वर्षात असते, त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे १३४० फसली म्हटलं की १९३०-३१ च्या आसपासचं. रक्कम हाली सिक्क्यात लिहिलेली असते, ते निजामाचे रुपये, वाचून घाबरू नका. ही कागदं एजंटकडून वाचून घेऊ नका. उर्दू आणि मोडी खरंच वाचता येणारा माणूस शोधा, कोर्टाच्या आवारात चौकशी केली की मिळतो, आणि चतुःसीमा शब्दन् शब्द लिहून घ्या. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला आम रस्ता, उत्तरेला मशिदीची जागा, असं काही आलं की तिथंच थांबून खोलात जा.

कारण जुन्या शहरात बऱ्याच जागा इनामी, देवस्थानच्या किंवा वक्फच्या (मुस्लिम धर्मकार्याला कायमच्या दिलेल्या) आहेत. राज्याच्या वक्फ बोर्डाचं मुख्यालय आपल्याच शहरात पाणचक्कीला आहे, तिथं जाऊन यादी तपासायला एक दिवस जातो. वक्फची जागा विकता येत नाही, चार पिढ्या राहिलेला माणूस विकतो म्हणाला तरी नाही. देवस्थान इनाम असेल तर तेवढ्यासाठी वेगळा वकील बघा.

मग वारस. ज्यानं वाडा बांधला त्याला सहा मुलं, त्यांची पोरं पुण्यात, हैदराबादला, एखादा अमेरिकेत. वंशावळ काढून समोर ठेवा आणि मुलींची नावं आहेत का ते बघा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावरचा राहिलेला गोंधळ पण मिटवला. "बहिणींनी तोंडी सोडलंय हो" हे वाक्य ऐकलं की उठून या. हक्कसोडपत्र रजिस्टर पाहिजे, नाहीतर खरेदीखतावर त्यांची सही पाहिजे. मुस्लिम कुटुंबाकडून घेत असाल तर हिबा (हयातीत दिलेलं दान), वाटण्या, विधवेचा हिस्सा हे सगळं तितक्याच काळजीनं बघायचं. एखादा वारस परदेशात राहणारा असेल तर त्याच्या हिश्शावर टीडीएसचा नियम वेगळा आणि जड आहे, पैसे द्यायच्या आधी सीएला विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

भाडेकरू असेल तर तो तुमच्या बरोबर येतो, लक्षात ठेवा. मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता, मग ३१ मार्च २००० पासून राज्याचा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, आणि ढाळजेत पन्नास रुपये भाड्यानं बसलेला शिलाईवाला मालक बदलला म्हणून उठत नाही. "घेतल्यावर बघू" म्हणू नका, त्याच्याशी आधी बोला. आमच्याकडं एक होता, वयस्कर, आम्ही त्याला तसंच ठेवलं, आता तोच दिवसभर दारावर लक्ष ठेवतो.

किमान ३० वर्षांचा सर्च, म्हणजे रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदींचा शोध घ्या, दोन पेपरांत जाहीर नोटीस द्या, घरपट्टीची थकबाकी बघा कारण तिच्यावर महिन्याला २ टक्के शास्ती चढत राहते. बँकेचं कर्ज काढणार असाल तर इसार द्यायच्या आधी बँकेच्या व्हॅल्युअरला घर दाखवा. इमारतीचं उरलेलं आयुष्य तो किती लिहितो त्यावर सगळं अडतं, मंजूर नकाशा नसलेल्या शंभर वर्षांच्या वाड्याला बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात. आम्हाला दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्यांनी दिलं पण कमी दिलं.

साठेखत, म्हणजे खरेदीच्या आधीचा करार करा आणि रजिस्टर करा. त्यात एक ओळ न विसरता घाला, खांब, तुळया, दारं, चौकटी, कोरीवकाम, तळखड्यासकट (खांबाखालचा दगड) सगळं जसंच्या तसं ताब्यात मिळेल. जुन्या सागाला आणि कोरीव दाराला मोठं गिऱ्हाईक आहे, ताबा मिळेपर्यंत दिंडी दरवाजाच गायब झालेली घरं मला माहितीयत. रजिस्ट्रेशन फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. आमचं घर माझ्या नावावर आहे, हे अजून त्यावरून टोमणे मारतात, मारू देत.

आत गेल्यावर काय बघायचं

सोबत स्ट्रक्चरल इंजिनियर न्या, पण जुन्या दगड-मातीच्या कामाचा अनुभव असलेला. आमचा पहिला साहेब पाच मिनिटं फिरला आणि म्हणाला, पाडा आणि आरसीसी करा. पाडलं की पुढं-मागं मार्जिन सोडावं लागतं, रुंदीकरणाची रेषा लागते, दीड हजार फुटातलं हातात किती उरेल हे त्यानं सांगितलंच नाही. फी मात्र पूर्ण घेतली.

तुम्ही स्वतः करायच्या गोष्टी साध्या आहेत. ओळंबा घेऊन भिंतीला पोट आलंय का ते बघा. जुनी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडाचे दोन पापुद्रे आणि मधी माती-खडी भरलेली, पाणी शिरलं की मधली माती फुगते आणि पापुद्रा बाहेर येतो. मुठीनं ठोकत जा, भदभद आवाज आला तिथं आत पोकळ आहे. खालच्या तीन-चार फुटात पांढरे क्षार, पापडी, म्हणजे लोणा लागलेला दिसतो का बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपा जाणारा तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा. जुना, थांबलेला तडा काळा पडलेला असतो, त्यात जाळं असतं. ताजा तडा आतून स्वच्छ दिसतो, भीती त्याची.

स्क्रू ड्रायव्हर घेऊन खांबाच्या बुडाला आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला टोचा, कारण वाळवी, आमच्याकडं उदई म्हणतात, ती आणि कूज दोन्ही तिथूनच सुरू होतात. मधलं लाकूड लोखंडासारखं टणक आणि टोक पिठासारखं, असं कैकदा असतं. जमिनीवर पाय आपटत चाला. माजघरात कुठं ढब् असा आवाज आला तर खाली धान्याचं पेव किंवा बळद असू शकतं, अर्धवट बुजवलेलं. आमच्याकडं निघालं, आठ फूट खोल. गल्लीभर गुप्तधनाची बातमी झाली, निघालं काय तर उंदरांचं बीळ आणि फुटका रांजण. तुम्हाला खरंच काही सापडलं तर कलेक्टर ऑफिसला कळवावं लागतं, घरात ठेवू नका. आड कुठं आहे ते पण विचारून घ्या, फरशीखाली झाकलेला आड दुरुस्तीच्या वेळी फार महागात पडतो. संभाजीनगरात तर मलिक अंबरच्या काळातल्या नहरीचे, म्हणजे जुन्या पाणीपुरवठ्याचे नळ जुन्या वस्तीखालून गेलेत, खोदताना मातीचा खापरी नळ लागला तर फोडू नका, आधी विचारा.

पहिला पावसाळा नुसतं बघायचं

जमत असेल तर खरेदी उन्हाळ्यात संपवा आणि पहिला पावसाळा काहीही तोडफोड न करता काढा. हे कोणाला पटत नाही, मिस्त्रीला तर अजिबात नाही. पण पाणी कुठून येतं हे पावसाशिवाय कळत नाही. माळवदावरचं गवत आणि पिंपळाची रोपं काढा, पन्हळी मोकळ्या करा, सगळ्यात वाईट भागावर ताडपत्री टाका आणि घरात वही ठेवा. जिथं गळलं तिथं खडूनं गोल करून तारीख टाकायची. आमची समजूत होती की माजघराचं छत गळतं. सप्टेंबरपर्यंत कळलं की छत ठीक आहे, पाणी शेजारच्या भिंतीच्या डोक्यातून शिरतं आणि तुळईवरून चालत माजघरात येऊन टपकतं. पहिल्याच महिन्यात छत उचकटलं असतं तर दीड लाख गेले असते आणि गळती तशीच राहिली असती.

या चार महिन्यांत परवानग्यांचं बघून घ्या. गिलावा, फरशी, रंग असल्या साध्या डागडुजीला सहसा परवानगी लागत नाही, पण छत बदलणं, भिंत हलवणं, मजला वाढवणं याला लागते. काम काहीही असो, सुरू करायच्या आधी वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र देऊन पोच घ्या आणि सगळ्या खोल्यांचे फोटो काढून ठेवा. तक्रार करणारा शेजारी प्रत्येक गल्लीत एक असतोच.

माळवद, इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पाचवीत होते, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. रिश्टरवर सहाच्या थोडा वर, म्हणजे जगाच्या हिशोबानं फार मोठा नव्हे, पण जवळपास दहा हजार माणसं गेली. तो भाग तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मारली ती घरांनी. जाड दगड-मातीच्या भिंती, त्यांना आरपार बांधणारा दगड नाही, आणि डोक्यावर दीड-दोन फूट माती. आमचं गाव जरा लांब होतं म्हणून वाचलो, पण आजोबा त्या रात्रीनंतर माळवदाखाली कधी झोपले नाहीत, मरेपर्यंत अंगणात पत्र्याखाली. म्हणून कोणी "मातीचं छत किती थंड हो" म्हणालं की मी आधी विचारते, किती इंच आहे?

माळवदाची रचना अशी, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या (बारीक आडवी लाकडं), त्यावर लाकडाच्या चिपा किंवा फळ्या, त्यावर निंबाचा वगैरे पाला, मग माती आणि सगळ्यात वर पांढरी चिकट माती. दर एक-दोन वर्षांनी गळतं म्हणून वर नवीन थर टाकायचा, जुना कोणी काढायचं नाही, म्हणून आज खणून बघितलं की पावणेदोन फूट निघते. हिशोब करा, १० बाय १२ ची खोली, १ फूट माती, साधारण साडेपाच-सहा टन. पावणेदोन फूट म्हणजे १० टन, भरलेला ट्रक. हे कोरड्या मातीचं, भिजली की अजून जड.

तर काम असं करायचं. फेब्रुवारी ते मे या काळातच. आधी खालून लोखंडी जॅक आणि फळ्या लावून सगळ्या तुळयांना टेकू. मग वरून दोन्ही बाजूंनी सारखी, थराथरानं माती काढायची, एका बाजूला ढीग करायचा नाही, मधोमध तर अजिबात नाही, आणि काढलेली माती त्याच दिवशी खाली. मजुरांना हे दहादा सांगावं लागतं, जेवायच्या सुट्टीआधी ढीग मारून ठेवायची सवय असते. पाल्यापर्यंत उघडं झालं की प्रत्येक कडी हातानं तपासा, कुजलेल्या बदला. दोन्ही टोकं गेलेली तुळई असेल तर शेजारी लोखंडी गर्डर देऊन वजन त्यावर घ्या, कोरीव तुळई नुसती शोभेला राहू द्या, त्यात काही लाज नाही.

परत घालताना फळी, त्यावर जाड प्लास्टिक किंवा वॉटरप्रूफ मेम्ब्रेन, वर जास्तीत जास्त चार-पाच इंच चाळलेली माती आणि त्यावर चुन्याचा कोबा. उतार दहा फुटाला किमान अडीच इंच, पन्हळीकडं. जुन्या मातीवरच सिमेंटचा स्लॅब ओतून देतो म्हणणारे खूप भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवा, दहा टनावर अजून तीन-चार टन चढवून ते निघून जातात. पत्रा टाकून पण भागतं, हलका असतो, वाईट काही नाही, फक्त उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्रीत खाली भाजून निघाल, खाली फळीचं सिलिंग आणि मधी हवा खेळायला जागा ठेवा. सवणं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक असेल, काही गावांत साणं म्हणतात, ते बुजवू नका, वर काचेची टोपी करा, उजेड तिथूनच येतो.

छत उघडं आहे तेव्हाच खांब आणि तुळईच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी तिरपे आधार बसवून घ्या, लोखंडी पट्टी आणि बोल्टनं. लाकडी सांगाडा असा बांधला गेला की छत खांबांवर उभं राहतं, बाहेरची भिंत ढासळली तरी सगळं अंगावर येत नाही.

भिंती आणि चुना

दगडी भिंतीला आरपार बांधणं हे दुसरं मोठं काम. आयएस १३८२८ या भारतीय मानकात नवीन दगडी भिंतीसाठी सांगितलंय की दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवं दर १.२ मीटरच्या आत एक आरपार दगड पाहिजे. जुन्या भिंतीत तो नसतो, म्हणून साधारण त्याच अंतरावर भिंतीला अलगद आरपार भोक करायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडे केलेली सळई घालायची आणि काँक्रिट भरायचं. दगड लहान पहारेनं हळूहळू हलवत काढायचा, हातोड्याच्या किंवा ड्रिल मशीनच्या धक्क्यानं मधली माती सुटते. किल्लारीनंतर त्या भागात न पडता उरलेल्या घरांना सांधायला हीच पद्धत वापरली. पोट सुटलेला भाग मात्र तसाच सांधू नका, तेवढा उतरवून परत बांधा.

गिलाव्याचं. मी पहिल्या वर्षी चूक केली, ओसरीच्या ओल्या भिंतीला वॉटरप्रूफ सिमेंटचं प्लास्टर मारलं. सहा महिने मस्त दिसलं. मग ओल चार फुटावरून सात फुटावर गेली आणि प्लास्टर ताटासारखं सुटून पडलं. नंतर चुन्याचं काम करणारे जे चाचा मिळाले, त्यांनी बघूनच मान हलवली, "बेटी, मिट्टी की दीवार हैं ये, इस्कू सिमेंट पैनाए तो अंदर का पसीना निकलने कू जगा नै." सगळं खरवडून काढलं, दगडाचे सांधे इंचभर कोरले, एक उन्हाळा भिंत उघडी वाळू दिली, मग चुना.

चुना म्हणजे पांढरा रंग नव्हे, कळीचा चुना आणून पाण्यात विझवायचा, चाळायचा आणि वर पाणी ठेवून किमान १५ दिवस, जमलं तर दोन-तीन महिने मुरवायचा. विझवताना उकळतो, चष्मा आणि हातमोजे पाहिजेतच, पोरांना लांब ठेवा. आम्ही १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग वाळू असं वापरलं, पाण्यात गूळ आणि बेलफळाचा गर मुरवलेला, चाचांचा आग्रह होता. त्यात फार गूढ शोधू नका, जुन्या लोकांनी जे हाताशी होतं ते घातलं, वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचं तूस सापडलंय. पातळ थर, दोन थरांत पुरेसे दिवस, आणि प्रत्येक थर आठवडाभर गोणपाट भिजवून ओला ठेवायचा. चुना हवेतून घट्ट होतो, सावकाश, घाई करणाऱ्याला भेगा मिळतात. वरून प्लास्टिक पेंट लावला की केलेलं सगळं वाया, चुन्याचीच सफेदी द्या.

लोणा लागलेल्या घरात चौकाच्या कडेनं उतार देऊन नाली करा, पाणी भिंतीपासून लांब गेलं की निम्मी ओल आपोआप जाते. रस्त्याच्या बाजूला उंबऱ्याबाहेर जाळीची नाली घ्या.

लाकूड, वायर, न्हाणी

लाकडावरचा ऑइलपेंट काढायला वेळ लागतो, ब्लोलँपनं जाळू नका, जुन्या वाड्यात आग म्हणजे संपलंच. रंग काढायचं जेल आणि खरवडणी, मग गरम करून पातळ केलेलं जवसाचं तेल दोन-तीन हात. तेलाचे बोळे ढीग करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. खांबाचं बूड कुजलं असेल तर पूर्ण खांब बदलायची गरज नाही, खालचा फूट-दीड फूट कापून खाच मारून नवा साग जोडतात आणि खाली तळखडा परत बसवतात, चांगला सुतार दोन दिवसांत करतो.

वायरिंग सगळं नवीन, जुन्यातलं काही ठेवायचं नाही. पाइपातून, बाहेरून दिसेल असं, भिंत कोरून नाही. एमसीबी बरोबर ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) घ्या आणि अर्थिंगचा खड्डा चौकात. कोरड्या सागाच्या घरात शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

संडास-बाथरूम कायम तळमजल्यावर, मागच्या बाजूला, ड्रेनेजच्या जवळ, आणि मातीच्या भिंतीपासून वेगळी विटांची भिंत उभी करून. माळवदावर बाथरूम काढायचा विचार ज्याच्या डोक्यात येतो त्यानं फ्लॅट घ्यावा. पाण्याची टाकी पण माळवदावर नाही, हजार लिटर म्हणजे एक टन, ती खाली स्वतंत्र लोखंडी स्टँडवर. आपल्याकडं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी, त्यामुळं जमिनीखालचा हौद लागतोच, तो भिंतीच्या पायापासून लांब, चौकाच्या मधी खोदा. जुना आड साफ करून घेतला तर वापरायचं पाणी सुटतं, आमचा सुटला.

पैशाचं थोडक्यात. घराला जेवढे दिले त्याच्या निम्मे दुरुस्तीला लागतील असं धरा आणि त्याच्यावर चौथाई वेगळे ठेवा, त्यांना हात लावायचा नाही, कारण छत उघडल्यावर काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. काम ठेक्यानं देऊ नका, रोजंदारीवर द्या आणि रोज हजर राहा. ठेकेदाराला काम संपवायची घाई असते, चुन्याला घाई चालत नाही. क्रम पण तोच ठेवा, छत, नाली, भिंती, वायर, न्हाणी, मग फरशी आणि रंग. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं आधी मॉड्युलर किचन बसवलं, पुढच्या जूनमध्ये त्याच्यावर ताडपत्री होती.

राहायला गेल्यावर दर वर्षी मृगाच्या आधी एक रविवार काढायचा. माळवदावर जाऊन उगवलेलं मुळासकट उपटायचं, कोब्याच्या भेगांत पातळ चुना भरायचा, खडूचे जुने गोल परत बघायचे, आणि प्रत्येक पन्हळीत बादलीभर पाणी ओतून दुसरा माणूस खाली उभा करायचा. पाणी सरळ धारेनं पडलं तर ठीक, भिंतीवरून ओघळलं तर आत पारव्याचं घरटं आहे.